कीटकभक्षी रोप टिकवायचंय? आधी पाणी मोजा, रोप शेवटी आणा

घटपर्णी (पानाच्या टोकाच्या घटात किडे पकडणारी) किंवा व्हीनस फ्लायट्रॅप (सापळ्यासारख्या मिटणाऱ्या पानांचं) घरी आणणाऱ्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी रोप आवडतं, मग कुंडी शोधली जाते, मग घरात असेल ती माती भरली जाते आणि पाणी अर्थातच नळाचं. तुळस, जास्वंद, मनीप्लांट या क्रमाने सुखाने जगतात. कीटकभक्षी रोपही पहिले पंधरा दिवस टवटवीत दिसतं. मग नवी पानं आधीपेक्षा लहान येतात, कडा काळ्या पडतात, घट वाळतात. रोपाला ‘ताकद’ हवी म्हणून कोणीतरी चिमूटभर खत घालतं आणि तिथे विषय संपतो.

ही झाडं मुळात दलदलीत, पाणथळ कातळावर, क्षार वाहून गेलेल्या निकस जमिनीत वाढणारी. नत्र आणि स्फुरद ती किड्यांमधून मिळवतात. मुळांकडे काम फक्त पाणी ओढायचं आणि रोपाला धरून ठेवायचं. त्यामुळे विरघळलेले क्षार आणि खत या मुळांना सोसत नाहीत. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: पाणी, मिश्रण, कुंडी, जागा आणि मग रोप. पहिल्या चार गोष्टी जमवायला दोन आठवडे धरा.

टप्पा १: पाणी

दहातली निदान सात रोपं पाण्यामुळे जातात, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. म्हणून पहिली खरेदी टीडीएस मीटरची. पेनाएवढं हे यंत्र काही शे रुपयांत मिळतं आणि पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) दाखवतं.

मीटरवरचा आकडा असा वाचायचा:

- ५० पीपीएमच्या खाली: बिनधास्त वापरा.
- ५० ते १००: अडीनडीला चालेल, पण महिन्यातून एकदा कुंडी स्वच्छ पाण्याने धुवावी लागेल (कशी, ते सातव्या टप्प्यात).
- १०० च्या वर: नको.

आता घरात कोणकोणतं पाणी असतं ते एकेक पाहू.

नळाचं पाणी गावागणिक बदलतं. धरणाचं पाणी तुलनेने हलकं असतं, बोअरचं बहुतेक ठिकाणी काहीशे पीपीएम दाखवतं. अडचण अशी की अनेक सोसायट्यांमध्ये दोन्ही एकाच टाकीत मिसळतात आणि उन्हाळ्यात त्यात टँकरची भर पडते. जानेवारीत ७० दाखवणारा नळ मे महिन्यात ३०० दाखवू शकतो. एकदा मोजून निश्चिंत राहू नका, ऋतू बदलला की पुन्हा मोजा.

आरओचं पाणी चालतं, पण एक मेख आहे. घरगुती यंत्रांत चव सुधारण्यासाठी टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. ते थोडं मूळ पाणी किंवा क्षार पुन्हा मिसळतं, आणि आकडा ८० ते १५० वर जातो. सर्व्हिसला येणाऱ्या माणसाला मेम्ब्रेननंतर, कार्ट्रिजच्या आधी एक छोटा टी (तीन तोंडांचा जोड) बसवून द्यायला सांगा. तिथून येणारं पाणी बहुधा ५० च्या आत असतं.

एसीचं पाणी फुकट आणि चांगलं. हवेतली वाफ थंड कॉइलवर जमून ते बनतं, त्यामुळे क्षार जवळजवळ नसतात. एसीची सफाई झाल्यावर मात्र पहिल्या दोन दिवसांचं पाणी टाकून द्या, त्यात सफाईचं रसायन असतं.

पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम, आणि महाराष्ट्रात चार महिने ते मागेल तेवढं. पहिल्या दोन-तीन सरी धुळीसाठी सोडून द्या. सिमेंटच्या गच्चीवरून वाहून आलेलं पाणी घेऊ नका, त्यात चुना उतरतो. उघड्यावर बादली ठेवा किंवा स्वच्छ प्लॅस्टिकचं कापड बांधून त्याचा ओघ पिंपात सोडा. १० सेंटिमीटरच्या तीन कुंड्यांना कडक उन्हाळ्यात रोज पाव लिटरच्या आसपास लागतं, एरवी त्याहून कमी. म्हणजे ऑक्टोबर ते जून रोजच्या पाण्याला ५० लिटरचं एक पिंप पुरावं (महिन्याच्या धुण्याचं पाणी वेगळं). पिंप गडद रंगाचं, घट्ट झाकणाचं हवं. पारदर्शक कॅनमध्ये शेवाळ धरतं.

बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड पाणीही चालतं. मात्र लेबल नीट वाचा. त्याच दुकानात, तशाच कॅनमध्ये बॅटरीचं ॲसिडही असतं.

> सावधान: पाणी उकळल्याने जंतू मरतात, बहुतेक क्षार तिथेच राहतात. तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, क्षार जात नाहीत. सोसायटीच्या वॉटर सॉफ्टनरचं पाणी तर आणखी वाईट, कारण तो कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो. बाटलीबंद ‘मिनरल’ पाण्याच्या नावातच काय ते आलं.

> तपासा: पाण्याचा ठरलेला स्रोत आठवड्यात तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा. तिन्ही वेळा ५० च्या आत आला तरच पुढे जा.

टप्पा २: मिश्रण

बागेची माती, लाल माती, शेणखत, गांडूळखत, पोयटा, निंबोळी पेंड यांतलं काहीही नको. चिमूटभरही नको.

हवं ते असं:

*पीट मॉस.* दलदलीतल्या स्फॅग्नम शेवाळाचा शेकडो वर्षांत साचलेला, आम्लधर्मी भुसा. इथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिली: कोकोपीटलाच ‘पीट’ म्हणून दिलं जातं. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, आणि त्यात बऱ्याचदा मीठ असतं. दुसरी फसगत जास्त छुपी. रोपवाटिकांसाठी येणाऱ्या पीटच्या गोण्यांत सुरुवातीचं खत आणि चुना आधीच मिसळलेला असतो. पिशवीवर पीएच ५.५ ते ६.५ लिहिलं असेल तर चुना घातलेला आहे असं समजा. आपल्याला ३.५ ते ४.५ पीएचचं, बिनखताचं पीट हवं.

*लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस.* ऑर्किडवाल्यांकडे सुकं, दाबलेल्या विटेच्या रूपात मिळतं. घटपर्णीसाठी हेच मुख्य. शोभेच्या वस्तूंच्या दुकानातलं रंग दिलेलं हिरवं मॉस वेगळं, ते घेऊ नका.

*पर्लाइट.* पांढरे, हलके, थर्माकोलसारखे दिसणारे दाणे. मिश्रण घट्ट बसू नये म्हणून. पिशवी उघडायच्या आधी आत थोडं पाणी शिंपडा, त्याची कोरडी धूळ छातीत जाऊ देऊ नका. वापरण्याआधी चाळणीत धुवा.

*सिलिका वाळू.* पाण्याच्या फिल्टरमध्ये वापरतात ती, १ ते २ मिलिमीटरची. बांधकामाची, नदीची, समुद्राची नको. शंका आली तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला म्हणजे त्यात चुनखडी आहे.

प्रमाण मापाने घ्यायचं, वजनाने नाही:

- दवबिंदू (ड्रॉसेरा, पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडणारं रोप) आणि फ्लायट्रॅपसाठी: पीट १ भाग, पर्लाइट १ भाग. पर्लाइटऐवजी निम्मी सिलिका वाळू घेतली तरी चालेल.
- घटपर्णीसाठी: लांब धाग्याचं स्फॅग्नम १ भाग, पर्लाइट १ भाग. घटपर्णीच्या मुळांना ओल हवी तशी हवाही हवी, म्हणून हे मिश्रण भुसभुशीतच राहिलं पाहिजे.

१० सेंटिमीटरच्या कुंडीला साधारण अर्धा लिटर मिश्रण लागतं.

सुकं पीट पाणी झटकून टाकतं. कुंडीत कोरडं भरून वरून पाणी घातलं तर ते कडेने निघून जातं आणि गाभा आठवडाभर कोरडा राहतो. म्हणून बादलीत कमी टीडीएसचं कोमट पाणी घेऊन पीट त्यात रात्रभर भिजवा, सकाळी हाताने मळा. मूठभर घेऊन पिळलं की चार-सहा थेंब पडावेत. धार लागली तर जास्त ओलं, थेंबच नाही आला तर कमी.

> तपासा: भिजवलेल्या मिश्रणाची एक मूठ २०० मिलिलिटर शुद्ध पाण्यात तासभर ठेवा, गाळा, मीटर लावा. आकडा मूळ पाण्यापेक्षा ५० हून जास्त वाढला तर मिश्रण धुवा आणि पुन्हा मोजा. तीन धुण्यांनंतरही वाढतच असेल तर त्यात खत आहे. ते गुलाबाला घाला.

पीट कुठेच मिळालं नाही तर धुतलेलं कोकोपीट चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. चालवणारे चालवतात, पण त्याआधी ते रोज पाणी बदलत आठवडाभर भिजवावं लागतं, आणि वरची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. ‘बफर्ड’ लिहिलेलं कोकोपीट अजिबात नको, त्यावर कॅल्शियमच्या क्षाराची प्रक्रिया केलेली असते. पहिल्याच रोपासाठी हा खटाटोप कशाला? थोडं थांबून ऑनलाइन पीट मागवा.

टप्पा ३: कुंडी

प्लॅस्टिकची, तळाला भोकं असलेली, १० ते १२ सेंटिमीटर खोल. फिकट रंगाची असेल तर उन्हात मुळं कमी तापतात. मातीची आणि सिमेंटची कुंडी नको. मातीच्या भिंतीतून पाणी उडतं आणि क्षार मागे साठतात, सिमेंटमधून चुना उतरतो. शोभेसाठी वरून पांढरे संगमरवरी खडे पसरायची पद्धत आहे. तेही चुन्याचेच, काढून टाका.

बंद काचेचा टेरॅरियम फोटोत छान दिसतो. उन्हात तासाभरात तो भट्टी होतो आणि सावलीत ठेवला तर बुरशीचं घर.

टप्पा ४: जागा आणि ऊन

‘दमट वातावरणातलं झाड’ एवढं ऐकून लोक ते बाथरूमच्या खिडकीत ठेवतात. दमटपणा दुय्यम आहे, आधी ऊन.

फ्लायट्रॅप आणि दवबिंदूला रोज किमान ४ ते ६ तास थेट ऊन हवं. घटपर्णीला सकाळचं ३-४ तासांचं कोवळं ऊन आणि उरलेला दिवस लख्ख उजेड पुरतो. त्यामुळे पूर्वेकडची बाल्कनी घटपर्णीला सर्वांत सोयीची. दक्षिणेकडच्या बाल्कनीत एक गंमत होते: ऑक्टोबर ते मार्च भरपूर ऊन येतं, पण मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत आपल्याकडे सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असल्याने तिथलं थेट ऊन जवळजवळ नाहीसं होतं. हिवाळ्यात जागा ठरवलेली असेल तर मे-जूनमध्ये पुन्हा पाहा. पश्चिमेकडच्या बाल्कनीत दुपारनंतरचं ऊन तापदायक असतं, तिथे मार्चपासून ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे ही खरी परीक्षा. पारा ४० च्या पुढे आणि हवा कोरडी ठणठणीत. तिथे शेडनेट सगळ्यांनाच लागेल आणि घटपर्णीला आडोसाही. कुंडी इतर झाडांच्या गर्दीत ठेवा, किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या खोक्यात, झाकण बोटभर उघडं ठेवून, सावलीत. घरात कूलर असेल तर त्याच्या ओलसर झोताचा फायदा मिळतो, पण थेंब पानांवर उडतील इतकं जवळ ठेवू नका. कूलरच्या टाकीतलं पाणी आटून आटून क्षारांनी भरलेलं असतं.

किनाऱ्यावर, मुंबईपासून गोव्यापर्यंत, हवेत ओल मुबलक. अडचण जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांची. तेव्हा किंवा ऊनच नसलेल्या घरात २० वॉटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब रोपापासून २० ते २५ सेंटिमीटर उंचीवर, रोज १२ ते १४ तास लावा. जांभळ्या प्रकाशाचे महागडे दिवे लागत नाहीत.

> तपासा: रोप आणण्याआधी ठरवलेल्या जागी सुटीच्या दिवशी दर तासाला डोकावून उन्हाचे तास लिहून काढा. अंदाज जवळजवळ नेहमी जास्त निघतो.

टप्पा ५: कोणतं रोप?

*घटपर्णी (नेपेंथीस).* आपल्या हवेला सर्वांत जुळणारी, आणि पहिलं रोप म्हणून आमची शिफारस. ‘व्हेंट्राटा’ हा संकर घ्या. तो चिवट आहे आणि मुंबईचा दमटपणा, पुण्याची थंडी दोन्ही सोसतो. भारतात रानटी आढळणारी एकमेव घटपर्णी, नेपेंथीस खासियाना, मेघालयातली आहे आणि तिला कायद्याचं संरक्षण आहे. ‘जंगलातून आणलेली’ म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका.

*दवबिंदू (ड्रॉसेरा).* पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब. स्पॅट्युलाटा आणि बर्मानी या जाती उन्हाळा बऱ्यापैकी काढतात. बर्मानीचं आयुष्य कमी, पण बी भरपूर पडतं आणि त्याच कुंडीत नवी पिल्लं उगवतात. केपेन्सिस दिसायला देखणी, मात्र ३५ अंशांच्या पुढे ती मलूल होते.

*व्हीनस फ्लायट्रॅप.* सर्वांना हवं असलेलं आणि आपल्याकडे सर्वांत अवघड. अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनाच्या किनारपट्टीची ही वनस्पती. तिला वर्षातून तीन महिने थंडीत झोप लागते. नाशिक, पुणे, विदर्भाच्या हिवाळ्यात ती थोडीफार मिळते, मुंबई-कोकणात मिळत नाही. नवव्या टप्प्यात सांगितलेलं करायची तयारी असेल तरच आणा.

कास पठारावर आणि सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात दवबिंदू आणि सीतेची आसवं दिसतात. दोन्ही कीटकभक्षी. ‘दोन रोपं उपटून आणली तर काय बिघडतं’ हा मोह होतो. त्यातल्या बहुतेक जाती एका पावसाळ्याच्या पाहुण्या असतात. बी धरून आपोआप मरतात, आणि त्यांची मुळं इतकी नाजूक असतात की घरी पोहोचेपर्यंत रोप गेलेलं असतं. शिवाय उपटलेल्या रोपाचं बी पठारावर पडत नाही. तिथे पाहा, फोटो काढा, हात लावू नका.

> सावधान: ऑनलाइन मिळणारं निळ्या, जांभळ्या, इंद्रधनुषी फ्लायट्रॅपचं बी शुद्ध फसवणूक आहे, तसे रंग नसतातच. अस्सल बी मिळालं तरी रोप मोठं व्हायला तीन-चार वर्षं लागतात. रोपच घ्या.

टप्पा ६: रोप आल्यावर पहिले तीन आठवडे

1. खोकं आल्या दिवशीच उघडा. काळी, लिबलिबीत पानं स्वच्छ कात्रीने कापा. प्रवासात दोन-चार घट किंवा सापळे वाळणारच, त्यावरून रोपाची तब्येत ठरवू नका. मधला कोंब हिरवा आणि टणक आहे का, ते पाहा.

2. फ्लायट्रॅप आणि दवबिंदू कोकोपीटमध्ये आले असतील तर मुळं शुद्ध पाण्याच्या भांड्यात हलवून मोकळी करा आणि आपल्या मिश्रणात लावा. फ्लायट्रॅपचा पांढरा कंद मिश्रणात, वाढीचा मध्य बरोबर पृष्ठभागावर. मध्य गाडला गेला की कुजतो.

3. घटपर्णीची मुळं काळी, बारीक, ठिसूळ असतात. काळी दिसली म्हणून कुजकी समजून कापू नका. जुना गोळा न फोडता तसाच नव्या कुंडीत बसवा, भोवती मिश्रण भरा, वरून दाबू नका.

4. उघड्या आणि निरोगी घटांतला रस सांडला असेल तर त्यात पाव ते एक तृतीयांश शुद्ध पाणी घाला. बंद घट बोटांनी उघडू नका. आतला रस रोपाने स्वतः तयार केलेला असतो, झाकण वेळ झाली की आपोआप उघडतं.

5. पहिला आठवडा उजेडात पण थेट उन्हाबाहेर. वरून भोकं पाडलेली पारदर्शक पिशवी सैल घाला. दुसऱ्या आठवड्यात पिशवी रोज थोडी अधिक उघडा आणि सकाळचं तासभर ऊन द्या. तिसऱ्या आठवड्याअखेर रोप कायमच्या जागी. प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली (टिश्यू कल्चरची) रोपं असतील तर हाच वेळ दुप्पट धरा.

या तीन आठवड्यांत खायला काहीही देऊ नका.

टप्पा ७: रोजचं पाणी, आणि डास

फ्लायट्रॅप आणि दवबिंदूच्या कुंड्या उथळ ताटलीत ठेवा, ताटलीत १ ते २ सेंटिमीटर पाणी. ताटली रिकामी झाली की पुन्हा भरा. पावसाळी आणि थंड दिवसांत मध्ये एक-दोन दिवस ती कोरडी राहू द्या, मिश्रण मात्र ओलसर हवं.

घटपर्णीला ताटली नको. वरून पाणी घाला, तळातून वाहू द्या, मिश्रणाचा वरचा थर किंचित हलका वाटला की पुन्हा. उन्हाळ्यात ते रोज किंवा दिवसाआड येतं, पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा. ताटलीत उभी ठेवलेली घटपर्णी काही महिने मजेत दिसते आणि मग बुडापासून जाते.

महिन्यातून एकदा धुणं: ताटली काढा, कुंडीच्या मापाच्या दुप्पट शुद्ध पाणी वरून सावकाश ओता. शेवटी खालून निथळणारं पाणी कपात धरून मोजा. १०० च्या खाली आलं की थांबा. दर महिन्याला आकडा चढत असेल तर पाण्याच्या स्रोतात गडबड आहे. २०० ओलांडला तर नव्या मिश्रणात लावा.

> सावधान: ताटलीतलं स्वच्छ, साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाचं आवडतं ठिकाण. महापालिकेचे कर्मचारी कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात ते उगाच नाही. आठवड्याचा एक वार ठरवा, त्या दिवशी ताटली पूर्ण रिकामी करा आणि आतल्या कडा घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. रोप डास खाईल या भरवशावर राहू नका. ते खातं त्याच्या कितीतरी पट डास ही ताटली तयार करते.

पानांवर सतत फवारे मारायची गरज नसते. दवबिंदूचा चिकटपणा त्याने धुऊन जातो, आणि फवाऱ्यात जड पाणी असेल तर पानांवर पांढरे डाग पडतात.

टप्पा ८: खाऊ

उघड्या बाल्कनीतलं रोप आपलं पोट आपण भरतं. मुंग्या, चिलटं, फळांवरच्या माश्या त्याला पुरतात. खिडकीआड किंवा दिव्याखाली असलेल्या रोपालाच हाताने द्यावं लागतं, आणि तेही फार कमी.

फ्लायट्रॅपला दोन-तीन आठवड्यांतून एकदा, एकाच सापळ्यात. किडा सापळ्याच्या एक तृतीयांशाहून मोठा नको. मोठ्या किड्याचे पाय बाहेर राहिले की सापळा घट्ट मिटत नाही आणि आत कुजतो. सापळ्याच्या प्रत्येक पाकळीवर सहसा तीन केस असतात. साधारण २० सेकंदांत दोनदा धक्का लागला की सापळा मिटतो, पण मिटणं म्हणजे पचवणं नव्हे. आतला जीव हालचाल करत राहिला तरच पाचक रस सुटतो. म्हणून मेलेला किडा किंवा मत्स्यालयाच्या दुकानातला सुका ब्लडवर्म (माशांना खायला देतात ती अळी) दिला तर सापळा मिटल्यावर बाहेरून बोटांनी अर्धा मिनिट हलकेच चोळावं लागतं. हे न केल्यास दुसऱ्या दिवशी सापळा उघडा आणि किडा जसाच्या तसा. पचन चाललं तर सापळा ५ ते १२ दिवस बंद राहतो.

एक सापळा आयुष्यात तीन-चार वेळाच नीट चालतो. पाहुण्यांना दाखवायला प्रत्येकाने बोट घातलं, तर महिनाभरात सगळे सापळे खर्ची पडतात आणि मिळकत शून्य. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

दवबिंदूला ब्लडवर्म भिजवून, तिळाएवढा तुकडा एका पानावर. घटपर्णीच्या एका घटात महिन्याला एक-दोन मुंग्यांएवढं पुष्कळ झालं.

काय द्यायचं नाही: चिकन, मटण, पनीर, अंडं, दूध, भाताचं शित. हे सगळं सडतं आणि घट किंवा सापळा सोबत घेऊन जातं. स्प्रे मारून किंवा मुंग्यांच्या खडूने मेलेले किडेही नकोत, औषध रोपात उतरतं.

टप्पा ९: फ्लायट्रॅपची हिवाळी झोप

नोव्हेंबरमध्ये वाढ मंदावते, पानं आखूड होतात, काही काळी पडतात. रोप मरतंय असं वाटून याच वेळी जास्त पाणी आणि खाऊ दिला जातो. दोन्ही बंद करा. रात्री १०-१२ अंशांपर्यंत उतरणाऱ्या गावात रोप बाहेरच ठेवा, ताटली काढा, मिश्रण फक्त ओलसर.

मुंबई, कोकण, गोव्यात फ्रिज वापरावा लागतो. डिसेंबरच्या मध्यात रोप उपटा, मुळं धुवा, काळी पानं कापा. कंद आणि मुळं पिळून काढलेल्या ओल्या स्फॅग्नममध्ये गुंडाळून झिपच्या पिशवीत घाला आणि भाज्यांच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरजवळ नको. तापमान ३ ते ८ अंश. पिशवीवर नाव लिहा, नाहीतर कोणीतरी कोथिंबीर समजून बाहेर काढेल. दर पंधरा दिवसांनी उघडून पाहा, करडी बुरशी दिसली तर तो भाग कापून ताज्या मॉसमध्ये ठेवा. आठ ते दहा आठवड्यांनी, फेब्रुवारीअखेर, बाहेर काढून नव्या मिश्रणात लावा. आठवडाभर सावलीतला उजेड, मग ऊन.

झोपेनंतर फुलाचा दांडा येतो. रोप पहिल्या वर्षाचं किंवा अशक्त असेल तर दांडा ५ सेंटिमीटरचा असतानाच कापा.

बिघडलं तर कुठे पाहायचं

जुना सापळा किंवा जुना घट काळा पडणं हे म्हातारपण आहे, कापून टाका. नवा कोंब मधूनच काळा पडत असेल तर ताबडतोब निथळलेलं पाणी मोजा आणि कंद हुंगा. आकडा मोठा असेल तर क्षार, कुबट वास येत असेल तर कुज.

घटपर्णीला पानं येतात पण घट येत नाहीत, ही सर्वांत नेहमीची तक्रार. पहिला संशय उजेडावर घ्या. गडद हिरवी, लांब, लोंबती पानं म्हणजे ऊन कमी. पानं ठीक आहेत पण टोकाच्या तणाव्यावरचा इवलासा घट वाळून जातो, तर हवा कोरडी आहे. जागा बदलल्यावर लगेच घट येत नाहीत. पुढची दोन-तीन पानं येईपर्यंत, म्हणजे दोनेक महिने, थांबावं लागतं. रोज जागा हलवणाऱ्यांना हे कधीच कळत नाही.

दवबिंदूवर दव नसेल तर आधी विचार करा: काल पाऊस लागला का, जागा बदलली का? तसं असेल तर तीन-चार दिवसांत दव परत येतं. आठवड्यानंतरही कोरडंच राहिलं तर ऊन कमी आहे.

मावा फ्लायट्रॅपच्या कोवळ्या कोंबात बसतो, नवी पानं वाकडीतिकडी येतात. कुंडीसकट रोप शुद्ध पाण्यात २४ ते ४८ तास पूर्ण बुडवून ठेवा. मावा गुदमरतो, रोपाला काही होत नाही. घटपर्णीवर पिठ्या ढेकूण आला तर कापसाच्या बोळ्याने पुसून काढा. नीमतेल दवबिंदूवर मारू नका, चिकट केस कायमचे निकामी होतात. पावसाळ्यात गोगलगायी रात्री येतात. त्यांना टॉर्च घेऊन हाताने वेचणं हाच उपाय, कारण मीठ टाकलंत तर गोगलगायीसोबत रोपही जाईल.